डाव्या बुटाचा वास

१

"नथ नाही!"

अंबिकाबाईंच्या तोंडून एवढे दोनच शब्द निघाले आणि माजघरातल्या पाटावर त्यांनी बसकण मारली. पुढ्यात दागिन्यांचा पितळी डबा उघडा पडला होता. पाटल्या जागच्या जागी होत्या, तन्मणी होता, वाकी होत्या. टपोऱ्या मोत्यांची नथ तेवढी नव्हती. एक मोती सैल झाला होता, तो बसवायला दुपारी सोनार यायचा होता, म्हणून जेवणं उरकल्यावर त्यांनी डबा काढला होता.

श्रावणातला रविवार. महाडचे वकील दत्तोपंत ओसरीवर पान जुळवत बसले होते. बायकोचा आवाज ऐकून ते तसेच उठले. त्यांच्यामागोमाग उठला तो कमलाकर.

कमलाकर महाडला नव्यानं बदलून आलेला फौजदार. त्याचे वडील आणि दत्तोपंत शाळेपासूनचे मित्र. म्हणून सरकारी घर रिकामं होईतो दत्तोपंतांनी त्याला ओसरीलगतची खोली दिली होती. दत्तोपंतांची सुनीती लग्नाची होती. त्या बाबतीत कुणी चकार शब्द काढला नव्हता, पण अंबिकाबाई त्याला आग्रहानं दुसऱ्यांदा भात वाढायच्या, त्यावरून काय ते सगळ्यांना कळत होतं.

"दारं लावा!" दत्तोपंत कडाडले. "घराबाहेर कुणी पाऊल टाकायचं नाही. कमलाकर, बरा घरात आहेस. कोपरा न् कोपरा बघायचा. पेट्या, फडताळं, गाठोडी, मागच्या पडवीतली अडगळ, काही सोडायचं नाही."

मागची पडवी म्हटल्याबरोबर कमलाकर मागच्या दाराकडं बघू लागला. फौजदाराच्या डोक्यात त्या क्षणी चोर यायला हवा होता. त्याच्या डोक्यात आले ते पडवीच्या कोपऱ्यात लपवून ठेवलेले त्याचे स्वतःचे बूट.

२

त्या बुटांची कथा अशी.

मागल्या पंधरवड्यात पोलादपूरच्या वर, कुडपणला बांधावरून डोकी फुटली होती. कमलाकर भर पावसात तिथं चढून गेला. वाटेतला एकेक वहाळ गुडघ्याएवढा. बूट आतून बाहेरून भिजले. रात्री चावडीत त्यानं ते चुलीपाशी शेकत ठेवले, तिथंच चूक झाली. वरून कातडं कडकडीत वाळलं आणि ओल आत कोंडून राहिली. महाडला येईतो बुटांना असा काही वास सुटला, की आंबलेलं ताक आणि मेलेला उंदीर यांची सोयरीक जुळावी.

कचेरीत तो पाय टेबलाखाली ओढून बसू लागला. कुणाकडं बोलावणं आलं तर दारातूनच बोलून परते. बूट काढायची वेळच येऊ द्यायची नाही! वकिलांच्या घरी मात्र इलाज नव्हता. तिथं बूट काढावेच लागत, आणि ते काढले की सुनीती कुठं आहे हे तो आधी बघे.

उपाय त्यानं थोडे केले नाहीत. ऊन द्यावं तर श्रावणात ऊन कुठलं? कडुनिंबाचा पाला कोंबला, तो आतच कुजला. राख घातली, तिचा चिखल झाला. शेवटी कापूर ठेवला, तेव्हा देवळात काहीतरी मरून पडल्यासारखा वास येऊ लागला.

त्याची ही धडपड घरातल्या एकाच माणसानं ओळखली. बनुआत्यानं. दत्तोपंतांची ही थोरली बहीण. नवरा गेल्यापासून भावाकडंच असे. डोक्यावर पदर, अंगावर लाल आलवण, आणि सोवळं एवढं कडक की चामड्याची वस्तू असेल त्या अंगणाच्या कडेनं जायची. त्या रविवारी सकाळी ती तुळशीला पाणी घालत होती. कमलाकर पडवीत बूट हातात धरून उभा होता. त्याच्याकडं न बघता ती तुळशीलाच म्हणाली, "कोळसा भरड कुटावा, फडक्यात सैल बांधावा, आणि आत ठेवून द्यावा. दोन दिवस हलवू नये. ओल ओढतो आणि वासही ओढतो."

कमलाकर कानापर्यंत लाल झाला.

मोलकरीण शकू भांडी घासत होती. तिनं ते ऐकलं. कुडपणची बाई, नवरा मोरू मुंबईला गिरणीत. म्हातारी सासू औषधासाठी महाडला आणलेली, म्हणून वकिलांच्या घरामागच्या गल्लीत खोपटात राही. "द्या साहेब, मी कुटून देत्ये," म्हणाली. कोळसा कुटून तिनं दोन पुरचुंड्या बांधल्या. कमलाकरनं स्वतःच्या हातानं त्या दोन बुटांत ठेवल्या. बोटं काळी झाली, ती त्यानं घाईघाईनं धोतराला पुसली.

आणि आता त्याच कोपऱ्याची झडती होणार होती.

पुढची खोली, माजघर, देवघराबाहेरची कपाटं, सगळं उलथंपालथं झालं. दत्तोपंत स्वतः उभे होते. अंबिकाबाई आणि सुनीती त्यांच्या नजरेसमोर एकेक कपडा झटकत होत्या. बनुआत्याचं गाठोडंही सोडलं. आतून निघाल्या दोन आलवणं, एक जपमाळ आणि फुलवातींसाठी पिंजलेला कापूस. सुनीतीनं ते खाली मान घालून पुन्हा बांधलं.

"पडवी मी बघतो," कमलाकर म्हणाला आणि दुसऱ्या कुणाला पुढं होऊ दिलं नाही. पडवीत वाळत घातलेल्या आलवणाखालून तो वाकून गेला. त्याचं पाणी टपटप मानेवर पडलं. लाकडं हलवली, कोळशाची पाटी बघितली. बुटांपाशी आला आणि तिथं नुसता उभा राहून परत फिरला.

"तिथं काही नाही," त्यानं सांगितलं.

"मग शकू कुठं आहे?" दत्तोपंतांनी विचारलं.

शकू नव्हती. पानं मांडायच्या आधीच ती घरी गेली होती. आणि सुनीतीला आठवलं, जाताना तिच्या पदराखाली काहीतरी झाकलेलं होतं.

३

शिपाई सोनबाला हाक मारून कमलाकर निघाला. पडवीत त्यानं बुटांतल्या पुरचुंड्या ओढून काढल्या, खोलीतल्या ट्रंकेत टाकल्या आणि कुलूप लावलं. कुणाच्या दृष्टीस पडायला नकोत!

गल्लीत बातमी त्याच्याआधी पोचली होती. खोपटाच्या दारात ही गर्दी. दार ठेंगणं, आत जमीन शेणानं सारवलेली, उजव्या हाताला चूल, चुलीच्या वर कोनाड्यात देव. चटईवर शकूची सासू चंद्रभागा तापानं पडली होती.

उंबऱ्याशी कमलाकर थांबला. पाय बुटातून काढायला तो वाकलाही. तेवढ्यात खालून तो वास आला. मागं सगळी गल्ली उभी, शेजारी सोनबा. फौजदारानं बूट काढले आणि लोकांनी नाकाला पदर लावले तर?

तो ताठ झाला आणि बुटांसकट आत शिरला.

"पायताण काढ रे बाबा," म्हातारी चटईवरून म्हणाली. "देव हायेत."

त्यानं ऐकलं नाही असं दाखवलं. चुलीपर्यंत तो तसाच गेला. सारवणावर चिखलाचे ठसे उमटत गेले. उतरंडीची मडकी उतरवली, त्यात दोन फुटली. एका मडक्यातले नाचणीचे दाणे सोनबानं जमिनीवर ओतले. अंथरूण झटकलं, म्हातारीच्या उशाखाली हात घातला. कोपऱ्यात पितळीत पांढराशुभ्र भात होता.

"हा कुठला?"

"आत्याबाईंनी दिला. म्हातारीला नाचणी उतरत नाय गळ्याखाली. त्यांनीच म्हनल्या, झाकून ने म्हनून."

"नथ कुठं आहे?"

"कसली नथ?" सांडलेले दाणे गोळा करता करता शकू थांबली. "मी नाय काय घेतलं, साहेब. माझ्या घरधन्याची आन."

नथ सापडली नाही. पण शकू वकिलांच्या ओसरीसमोर उभी राहिली तेव्हा अर्धं महाड गोळा झालं होतं. कमलाकरनं सर्वांदेखत बनुआत्याला विचारलं, "आत्या, हिला भात तुम्ही दिलात?"

स्वैपाकघराच्या दारात बनुआत्या उभी होती. तिचा पदर अजून ओला होता. ती दत्तोपंतांकडं बघत राहिली. शकू तिच्याकडं बघत राहिली.

"मला आठवत नाही," बनुआत्या म्हणाली.

शकूनं तोंडाला पदर लावला. एवढा वेळ ती रडली नव्हती.

"आणि ह्या वेळेला आंघोळ कसली, ताई?" अंबिकाबाईंनी मधेच विचारलं.

"शकूचा पदर लागला," एवढं बोलून बनुआत्या आत वळली.

पुरावा नव्हता, म्हणून कमलाकरनं शकूला सोडली. दत्तोपंतांनी तिला कामावरून काढली. दुसऱ्या दिवशी सासूला डोलीत घालून ती कुडपणच्या वाटेला लागली, असं सोनबानं सांगितलं. गल्लीतली पोरं डोलीमागून "नथवाली, नथवाली" करत नदीपर्यंत गेली होती.

४

कमलाकरनं बूट आता खोलीतच ठेवले. पुरचुंड्या पुन्हा आत घातल्या आणि आत्यानं सांगितल्याप्रमाणे हलवल्या नाहीत. कचेरीत वहाणा घालून गेला. दाराला कडी घालायला तो विसरत नसे.

कामात त्याचं लक्ष लागेना. डोळे मिटले की सारवलेल्या जमिनीवरचे ते ठसे दिसत. चोर पकडायला गेलो म्हणून घरात शिरलो, हे ठीक. पण बूट घालून का शिरलो, याचं उत्तर त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि ते कुणालाही सांगण्यासारखं नव्हतं.

बुधवारी संध्याकाळी त्यानं बूट बाहेर काढले. उजव्यातली पुरचुंडी काढली, भीत भीत नाक जवळ नेलं. वास नव्हता! नुसतं कातडं आणि पुसटसा धूर. त्याला इतकं हलकं वाटलं, की तो मोठ्यानं हसलाच. मग डावा उचलला.

डाव्यानं त्याच्या डोळ्यांत पाणी आणलं. वास होता तसा, उलट कोंडल्यामुळं चढलेला.

तो खाली बसला. एका चांभारानं एकाच कातड्याचे शिवलेले बूट. एकाच वहाळात भिजले, एकाच चुलीवर शेकले. एकाच सकाळी एकाच बाईनं एकाच पाटीतला कोळसा कुटून दोन पुरचुंड्या बांधल्या, आणि त्यानं स्वतः त्या ठेवल्या. मग एकाचा वास गेला आणि दुसऱ्याचा का नाही?

त्यानं डावी पुरचुंडी तळहातावर घेतली. घाईत दोनदा हाताळली होती, पण नाक फिरवून. आता कळलं, ती पिसासारखी हलकी होती. गाठ सोडली.

आत कोळशाचा कण नव्हता, वरच्या फडक्याला लागलेली काळी पूड तेवढी. आत होता पिंजलेला कापूस. आणि कापसात, संध्याकाळच्या उजेडातही चमकणारी, टपोऱ्या मोत्यांची नथ.

५

कमलाकरनं पहिल्यांदा काय केलं असेल तर दाराची कडी घातलेली आहे ना ते पाहिलं.

चोरीचा माल फौजदाराच्या बुटात! हे बाहेर फुटलं तर नोकरी जाईल, अब्रू जाईल. नथ गुपचूप डब्यामागं टाकावी, उद्या कुणाला तरी सापडेल, सगळे म्हणतील घरातच होती. फार सोपं होतं. पण मग शकूचं काय? लोक म्हणणार, घाबरून परत आणून टाकली.

पुरचुंड्या तर शकूनंच बांधल्या होत्या. तिनंच ठेवली असेल का? हा विचार मनात आला तसा त्यानं तो नीट उलटसुलट करून पाहिला. घाईनं विचार करायचे परिणाम त्यानं एकदा पाहिले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं घरातल्या सगळ्यांना ओसरीवर बोलावलं. बनुआत्या आतल्या दाराआड उभी राहिली. कमलाकर खोलीतून आला आणि दोन्ही बूट त्यानं ओसरीच्या पायरीवर ठेवले.

"अरे, हे काय!" दत्तोपंत मागं सरकले.

"काका, माझ्या बुटांना घाण वास येतो," कमलाकर म्हणाला. वाक्य बाहेर पडलं आणि सुनीतीकडं बघायचं त्याला धैर्य झालं नाही. "तो लपवायला मी काय काय केलं ते आधी ऐका, म्हणजे नथ कुठं गेली ते कळेल."

आणि त्यानं सगळं सांगितलं. पाला, राख, कापूर, कोळसा. मग मूठ उघडली. अंबिकाबाईंनी "अगंबाई" म्हणून तोंडावर हात नेला.

"म्हणजे तिनंच ठेवली!" दत्तोपंत ओरडले. "पुरचुंड्या शकूनंच बांधल्या ना?"

"मलाही तसंच वाटलं. पण काका, शकू तर घराबाहेर जातच होती. नथ तिच्याकडं असती तर ती घेऊनच गेली असती. जिथून परत काढता येणार नाही अशा जागी, आणि तेही फौजदाराच्या बुटात, ती कशाला ठेवील? घरात दागिना कोण लपवतं? जे घराबाहेर जाऊ शकत नाही ते. आणि घाईघाईनं बुटात कोण लपवतं? दारं लावून झडती सुरू झाल्यावर ज्याच्या कमरेला नथ आहे ते."



"त्या वेळी काकू आणि सुनीती तुमच्या डोळ्यांसमोर होत्या. तुम्ही आणि मी एकत्र होतो. आता राहिलं एकच माणूस. त्या माणसाचा संशय मला आला नाही, कारण ते माणूस चामड्याला शिवेल हे माझ्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं." कमलाकरचा आवाज खाली आला. "पण चामड्याला शिवलं तर ते माणूस आंघोळ केल्याशिवाय राहणार नाही, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी पडवीत गेलो तेव्हा आलवणातून पाणी गळत होतं. कारण सांगितलं, शकूचा पदर लागला. शकू तर पानं मांडायच्या आधीच गेली होती. आणि आपल्याला जेवायला वाढलं ते कोरड्या सोवळ्यानं. म्हणजे ही आंघोळ जेवणानंतरची, शकू गेल्यानंतरची. आणि हा कापूस—"

"पुरे, बाळ," दाराआडून आवाज आला.

बनुआत्या ओसरीवर आली. आजवर परक्या पुरुषासमोर ती अशी आली नव्हती. बुटांपासून हातभर अंतरावर उभी राहिली.

"कापूस वातींचाच आहे. कोळसा मी माझ्या शेगडीत टाकला. मग वास जाणार नाही हे ठाऊक होतं मला. पण तुझे बूट कुणी नाकाजवळ नेणार नाही असं वाटलं." ती भावाकडं वळली. "दत्तू, नथ कुणाची आहे ते तू सांगतोस की मी सांगू?"

दत्तोपंतांनी पानाचं तबक उगाच सरकवलं.

"ताईंची आहे," अंबिकाबाई हळूच म्हणाल्या. "त्यांच्या लग्नातली. त्या इथं आल्या तेव्हा सांभाळायला म्हणून ठेवलेली."

"सांभाळायला," बनुआत्या म्हणाली. "माझ्या लेकीचं, आवडीचं, पोलादपूरला डोहाळजेवण आहे. माझ्यासारखीनं तिथं जायचं नाही, मी जाणारही नव्हते. पण नथ तरी जावी, तिच्या नाकात माझ्या आईकडचे मोती दिसावेत, असं वाटलं. दत्तूला मी दोनदा विचारलं. तो म्हणाला, ती सुनीतीच्या लग्नात घालायची आहे."

सुनीती ताडकन उठून उभी राहिली. "बाबा, मला कुणी विचारलं होतं?"

दत्तोपंतांची मान खाली गेली. 

"नथ माझी होती, ती घेतली याची लाज मला वाटत नाही," बनुआत्या पुढं म्हणाली.  "पण भात मीच दिला होता रे. ती माझ्याकडं बघत होती. हो म्हणाले असते तर तिचा निम्मा संशय फिटला असता. पण मग सगळ्यांच्या नजरा माझ्याकडं वळल्या असत्या. मी म्हणाले, आठवत नाही. त्याला कुठली आंघोळ पुरणार?"

 मग दत्तोपंत जमिनीकडं बघतच म्हणाले, "कमलाकर, नथ आवडीला पोचती कर. आणि त्या शकूला निरोप धाड. कामावर ये म्हणावं."

"निरोप नको," कमलाकर म्हणाला. "मी जातो."

तो निघाला तेव्हा सुनीती दारापर्यंत आली. "वासाचं मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं," ती म्हणाली. "त्यात काय एवढं लपवायचं होतं?"

ती रागावून बोलली नव्हती, म्हणूनच ते त्याला जास्त लागलं.

६

पोलादपूरला आवडीच्या हातात नथ देऊन कमलाकर पुढं निघाला. वर कुडपणला धुकं उतरलं होतं. नाचणीच्या वाफ्यांत बायका लावणी करत होत्या. फौजदार एकटाच चढून येताना पाहून गावचा पोलीसपाटील हैबती धावत सामोरा आला.

"काय झालं साहेब? परत बांधावरून काय?"

"शकूचं घर कुठलं?"

हैबतीचा चेहरा उतरला. "ती व्हय. साहेब, आमचा गाव तसा नाय हो. तिच्यापायी खाली मान घालावी लागली. मोरूलाबी मुंबईला कळलं म्हंत्यात कुनाकडनं तरी. तिची सासू तर तिच्या हातचं खात नाय. चोरीचा भात घातलास मला, म्हंत्ये. शेजारनीकडनं पेज आनून पाजतो आमी, पर म्हातारी काय जगत नाय."

 वाट तुडवताना त्याला दम लागला, तो चढणीचा नव्हता.

शकू अंगणातल्या चुलीपाशी भाकरी थापत होती. त्याला पाहताच ती उठली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली, जणू आत कुणाला जाऊ द्यायचं नाही.

"आता काय ऱ्हायलंय?" ती म्हणाली. "मडकी फुटली ती फुटली. आता काय न्यायचं हाय?"

"शकूबाई, नथ सापडली. तुम्ही घेतली नव्हती. मी माफी मागायला आलोय."

तिनं त्याच्याकडं बघितलं. डोळे कोरडे होते.

"मला नका सांगू. मी घेतली नाय, ह्ये मला ठावंच हाय. आत सांगा. आनि ह्यांना सांगा." तिनं कुंपणाकडं हात केला. तिथं माणसं गोळा व्हायला लागली होती. वाफ्यातल्या बायका चिखलाच्या पायांनी आल्या होत्या.

कमलाकरनं पायांतून बूट काढले, मोजेही काढले. उंबऱ्याच्या अलीकडं, आतल्या चटईवरच्या म्हातारीला दिसेल आणि अंगणातल्या माणसांनाही ऐकू जाईल असा तो उभा राहिला.

"चंद्रभागाबाई, मी तो फौजदार. तुमच्या घरात बूट घालून आलो होतो."

"ठावं हाय," आतून खोल आवाज आला.

"तुमच्या सुनेनं चोरी केली नाही. भात तिला दिलेला होता, देणारीनं कबूल केलंय. नथ माझ्याकडंच होती. माझ्या बुटात."

कुंपणापाशी बायका पुढं सरकल्या.

"बुटात?" हैबतीनं विचारलं. "ती कशी काय साहेब?"

आणि कमलाकरनं पुन्हा एकदा सगळं सांगितलं. वासाचंही सांगितलं. लोक नाकं दाबतील म्हणून देवासमोर बूट काढले नाहीत, तेही सांगितलं. नथ बुटात लपवणारी बाई कोण, तेवढं मात्र सांगितलं नाही. ते गुपित त्याचं नव्हतं.

आधी एक बाई फसकन हसली. मग दुसरी. मग सगळं अंगण हसायला लागलं. "फौजदाराच्या पायताणाला वास!" कुणीतरी म्हणालं, आणि हशा आणखी चढला. हैबती हातवारे करून गप्प बसवत होता, पण त्याच्याही मिशा हलत होत्या. कमलाकर अनवाणी उभा राहिला. कान जळत होते. निघून जावं असं वाटलं, पण तो गेला नाही. शकू ज्या दिवशी वकिलांच्या अंगणात उभी होती, तेव्हा तिला तर कुणी हसूनही सोडलं नव्हतं.

शकू हसली नाही. ती चुलीकडं वळली. तव्यावरची भाकरी करपत आली होती, ती तिनं उलटली.

हसणं विरलं तेव्हा आतून चटईची सळसळ ऐकू आली. म्हातारी कोपरावर उठून बसायची धडपड करत होती.

"शके," ती म्हणाली.

"काय गो?"

"भाकर झाली का?"

 शकूनं तव्यावरची भाकरी तशीच गरम हातात घेतली आणि वाकून आत गेली. कमलाकर दारातून बाजूला झाला. ती त्याच्या अंगावरून गेली, पण तिनं मान वर केली नाही.

आत अंधार होता. भाकरीचा तुकडा मोडल्याचा आवाज आला, मग म्हातारीनं तो सावकाश चावल्याचा. अंगणातली माणसं एकेक करून वाफ्याकडं परतली. हैबतीनं कमलाकरला चहा घ्यायला बोलावलं.

तो तिथंच उभा राहिला. आतून "आनखी मोड" असं म्हातारी म्हणालेली त्याला ऐकू आलं, मग तो निघाला.